बास म्हणायचं काम

काका चहा गरम पीत नसत. आमचे सगळ्यांचे कप धुऊन पालथे पडले तरी त्यांचा कप टेबलाच्या कडेला साय धरत बसलेला असायचा. मधूनच ते तो उचलायचे, त्याचं बूड मिटलेल्या पापणीला लावायचे आणि "अजून नाही" म्हणून परत ठेवायचे.

"प्या की काका, चाय हाय ती, आयसिड नाय," कुंदाताई म्हणायची.

"जीभ भाजली तर दुसरी बसवता येत नाही, कुंदा."

"तुमची भाजंल तर आमाला जरा सुट्टी भेटंल."

काका खूश व्हायचे. त्यांना उलट बोलणारी माणसं आवडायची. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसायचे आणि महिनोन्‌महिने त्यांच्याशी "हो", "नाही" आणि "सॉरी" यापलीकडे फारसं काही बोलले नव्हते.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका फरसाणाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं युनिट होतं. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. टाकी भरली की पंप बंद, रिकामी झाली की चालू. खालून तळणाचा वास यायचा, वर आमच्या सोल्डरचा, म्हणजे पार्ट जोडायच्या वितळत्या धातूचा, धूर, आणि घरी गेल्यावर आई माझी ओढणी हुंगून विचारायची, "तू नक्की काय करतेस गं तिथे?" मी कंट्रोलरचे तयार सर्किट बोर्ड मायक्रोस्कोपखाली तपासायचे. भिंतीकडे तोंड करून. इंटरव्ह्यूत मॅडमनी विचारलं होतं, "दिवसभर कोणाशी बोलायला मिळणार नाही, चालेल?" मी इतक्या पटकन "येस" म्हणाले की त्यांना हसू आलं.

काका तिथे कामगार नव्हते आणि मालकही नव्हते. कोलशेतच्या बाजूला एक मोठा कारखाना होता, तिथले ते मॅनेजर. आता तिथे टॉवर आहेत आणि टॉवरच्या जाहिरातीत खाडी. मॅडम त्या कारखान्यात ट्रेनी होत्या. काकांनी त्यांच्या हातात पहिल्यांदा सोल्डर वितळवायचं तापतं आयर्न दिलं होतं. मॅडमनी स्वतःचं युनिट काढलं तेव्हा त्यांनी काकांना सल्लागार म्हणून आणलं, केबिनमध्ये टेबल दिलं, व्हिजिटिंग कार्डं छापली. काकांनी ती कार्डं डळमळणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली आणि खिडकीजवळचं बेंच धरलं. रोज आमच्याबरोबर बसून ते स्वतः बोर्ड जोडायचे. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नसे.

उष्णतेचं त्यांना वेडच होतं. कुणाचाही फोन ते न विचारता उचलायचे, मागून हात लावून बघायचे आणि "तापलाय, निजव त्याला" म्हणून सावलीत पालथा ठेवायचे. ताज्या जोडावर फुंकर मारलेली त्यांना खपत नसे. गरम सोल्डर आपलं आपण थिजलं पाहिजे, मध्ये हललं की जोड कच्चा. हे ते इतक्या वेळा सांगायचे की मॅडमच्या मुलाच्या वाढदिवसाला, तो मेणबत्तीवर वाकल्याबरोबर, पाहुण्यांच्या घोळक्यातून काका ओरडले, "फुंकू नकोस!" पोरगं रडायला लागलं. मी केकच्या प्लेट्स वाटत होते. त्या पाहुण्यांत मी काकांच्या ओळखीची आहे हे कुणाला कळू नये म्हणून मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले.

हे मी बरेचदा केलंय. एकदा कामावरून सुटल्यावर आम्ही दोघं स्टेशनपर्यंत चालत होतो. त्यांना पुढे कोपरला जायचं होतं. वाटेत एका टपरीवर एकजण आयर्न टेकवून फोन दुरुस्त करत बसला होता. काका थांबले.

"अहो, किती वेळ टेकवून ठेवलंयत? आत जीव आहे त्याच्या."

"अंकल, आपका फोन है क्या?"

"माझा नाही. पण ज्याचा आहे त्याला उद्या परत यावं लागेल."

"तो उसको आने दो ना, अंकल."

चार माणसं थांबून हसायला लागली. काका त्याला समजावत राहिले, हात हलवत, अगदी प्रेमाने. मी पुढच्या दुकानाच्या काचेत लावलेली फोनची कव्हरं बघत उभी राहिले. काका आले आणि म्हणाले, "तुला कुठलं आवडलं?" त्यांना वाटलं मी खरंच कव्हरं बघतेय.

नवीन मुलगी कामाला लागली की काका तिची चिमटीची परीक्षा घ्यायचे. बोर्ड स्टँडमध्ये उभा अडकवायचा. एका बाजूने काका आयर्न लावणार, दुसऱ्या बाजूने मुलीने ट्रान्झिस्टर नावाच्या पार्टचा पाय उघड्या बोटांनी चिमटीत धरायचा. पाय म्हणजे पार्टमधून बाहेर आलेली बारीक तार. उष्णता तिच्यातूनच वर चढते. बोटांना चटका जाणवला की "बास" म्हणायचं, काका आयर्न उचलणार.

"पेशंटला तोंड नसतं," ते पार्टबद्दल म्हणायचे. "तुला जे आत्ता लागलं, ते त्याला रोज लागतं आणि तो बोलत नाही. कमी तापवलं तर जोड धरत नाही. जास्त तापवलं तर आतून जातो. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी जात नाही. टेस्टला पास होतो, डब्यात बसतो, टाकीवर चढतो आणि मग कधीतरी जातो."

माझ्या परीक्षेत मी चटका बसल्यावर "सॉरी" म्हणाले होते. तोंडातून तेच निघालं. काका आयर्न उचलायचं विसरून हसले. "सॉरी कुणाला? ट्रान्झिस्टरला?" तेव्हापासून त्यांच्यासाठी मी सॉरीबाई.

टिटवाळ्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आमचा कंट्रोलर दुधाच्या पिशवीत घालून घेऊन आले, तो दिवस मला आठवतो. पंप बंदच झाला नव्हता. टाकी वाहून गच्चीवर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी पापडांचा लगदा झाला होता. "मॅडम, एक तर पाणी येत नाही आमच्याकडे, आणि आलेलं तुमच्या मशीनने जिन्यावरून सोडून दिलं," ते म्हणाले. त्यांच्या आधीही बोर्ड परत आले होते. त्यांच्यानंतरही आले.

संध्याकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कुणाच्या हातचे आहेत?"

मला केव्हाच कळलं होतं, तरी मी ते पास केले होते. मायक्रोस्कोपखाली प्रत्येकीचा हात ओळखू येतो. कुंदाताईचे जोड मोहरीच्या दाण्यासारखे, गोल, चकचकीत. परत आलेल्या बोर्डांवरचे जोड मोठे, निस्तेज, आणि त्यांच्याभोवती बोर्ड करपल्यासारखा तपकिरी.

"खिडकीजवळचे," मी म्हणाले. नाव घेता आलं नाही.

मॅडमनी केबिनचं दार लोटलं. मग म्हणाल्या, "त्यांना डोळ्यांनी दिसत नाहीये गं. मोतीबिंदू असणार. सोल्डर वितळून चमकलेलं दिसत नाही, म्हणून जोड कच्चा राहील या भीतीने टेकवूनच ठेवतात. मी दोनदा डॉक्टरचं नाव काढलं. म्हणाले, मला सगळं दिसतं."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"काय सांगू? आयर्नला हात लावू नका? मला धरायला शिकवलं त्यांनी." त्या टेबलावरचा बोर्ड उलटसुलट करत राहिल्या. "घरी सून त्यांना गॅससुद्धा पेटवू देत नाही. इथून उठवलं तर ते कुठे बसतील?"

मग त्यांनी मला त्यांचा बेत सांगितला. सोमवारी दोन नव्या मुली येणार होत्या. काका चिमटीची परीक्षा दाखवणारच. या वेळी पाय मी धरायचा. चटका बसला की लगेच ओरडायचं. दोन-तीनदा ओरडले की काकांना स्वतःलाच कळेल आपण किती वेळ लावतोय ते. कुणी काही बोलायला नको. आयर्न त्यांचं तेच खाली ठेवतील, डोळे दाखवतील, आणि जमलं तर परत त्याच खुर्चीत येतील.

"कुंदाताई जास्त चांगलं करेल," मी म्हणाले.

"तिलाच आधी विचारलं. ती म्हणते, मी वरडले तर बोलतील, कुंदाची मस्करी चाललीय. तू कधी बोलत नाहीस. तू ओरडलीस तर ते मानतील."

एक शब्द म्हणायचं काम होतं. शनिवार-रविवार मी तो शब्द घरात मनातल्या मनात म्हणून बघितला.

सोमवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. प्रेक्षक असले की त्यांना चढायचं. दोन्ही मुली बेंचला टेकून उभ्या होत्या. मी चिमूट पुढे केली तेव्हा काका म्हणाले, "अरे वा, आज सॉरीबाई! आज ट्रान्झिस्टरची माफी मागायची नाही हं." मुली हसल्या. पलीकडे कुंदाताईने हातातलं काम थांबवलं. मॅडमच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं.

काका बोर्डाजवळ वाकले. मी त्यांचं तोंड इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. डोळे जोडाकडे नव्हते, जरा वरती कुठेतरी होते. आयर्नचं टोक बोर्डावर टेकलं, चुकलं, घसरत घसरत पायापाशी आलं. मग ते नाक पुढे करून थांबले. धुराच्या वासावरून ते अंदाज घेत होते.

"आता उष्णता चढतेय," ते मुलींना सांगत होते. "आता ही पोरगी पेशंटचं तोंड आहे. लाजायचं नाही. पटकन बोलायचं."

चटका बसला. शब्द माझ्या तोंडात तयार होता. सगळे त्याची वाट बघत होते, कुंदाताई, दाराआडून मॅडम, आणि काका नि त्या नव्या मुली सोडून सगळ्यांना माहीत होतं तो कशासाठी आहे. काकांचा चेहरा आनंदात होता. ते मुलींना कोलशेतची कुठलीशी गोष्ट सांगत होते. मी त्यांच्या वाक्याच्या शेवटाची वाट पाहिली. वाक्य संपेना. बोटं पोळत होती आणि मी मान खाली घालून माझ्या नखांकडे बघत होते.

शेवटी त्यांनी आयर्न उचललं.

"बघा! चकार शब्द नाही. हात असा हलका पाहिजे."

मग ते दुसऱ्या पायाकडे वळले. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात.

मी तिन्ही धरले. तिसऱ्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर ढकललं. नव्या मुलींपैकी एक "भारी, काका" म्हणाली. काकांनी आयर्न स्टँडमध्ये ठेवलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मॅडमच्या केबिनचं दार बंद झालं.

बाथरूममध्ये कुंदाताईने माझा हात नळाखाली धरला. "आगो, मुकी हायस काय? येक शब्द होता."

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"आन आता बरा वाटल त्यांना? उद्या मॅडम सगल्यांसमोर उठवंल त्यांना खुर्चीवरनं." तिने नळ आणखी सोडला. "तुमी शिकलेल्या पोरी. गोड गोड करून मानसाला मारता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. "प्लीज ट्राय अगेन," मशीन म्हणालं. मी पुसून परत ठेवला. "प्लीज ट्राय अगेन." जिन्यापर्यंत रांग होती. मशीनमधल्या बाईचा आवाज शांत आणि मोठा होता, आणि ती थांबत नव्हती. माझे कान गरम झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, दुसरा अंगठा दे," पण दुसरा मी नोंदवलेलाच नव्हता.

"बघू," काका म्हणाले. ते माझ्या मागेच होते.

त्यांनी माझा अंगठा बोर्ड धरतात तसा दोन बोटांत धरून डोळ्याशी नेला. दिसलं नसावं. मग स्वतःच्या बोटाचं टोक त्यावरून हळू फिरवलं.

"हे कसलं?"

"पोळी भाजताना," मी म्हणाले.

बोट परत एकदा फिरलं. "तव्याचा चटका असा रेघेसारखा नसतो." मग थोड्या वेळाने, "तीन आहेत."

खालच्या कारखान्यातला झारा कढईवर आपटत होता तेवढाच आवाज.

"बास का नाही म्हणालीस?"

"सॉरी," मी म्हणाले.

या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी माझा हात सोडला, तोही जपून, आणि स्वतः हजेरी न लावताच आत गेले.

आम्ही आत गेलो तेव्हा ते खुर्चीत बसले होते आणि आयर्नची वायर हातात गुंडाळलेली होती. प्लग लावलेला नव्हता. त्यांनी नव्या मुलींना माझ्या मायक्रोस्कोपपाशी बोलावलं आणि मला कालचा बोर्ड खाली ठेवायला सांगितला.

"सांग काय दिसतंय."

"पॅड लिफ्ट झालंय. लॅमिनेट डिसकलर्ड—"

"मराठीत. ह्यांना कळू दे."

मराठीत ते सरळ सांगावं लागतं. इंग्रजीत मला आडोसा होता. मी म्हणाले, "तांब्याची चकती बोर्डापासून सुटलीय. बाजूचं जळलंय."

"आणि ट्रान्झिस्टर?"

मी तपासला. "चांगला आहे."

"असणारच. त्याच्या वाटचं तू घेतलंस." ते हातातली वायर सोडवू लागले. "आणि ज्यांचे पाय कुणी धरले नव्हते ते? टिटवाळ्याचा?"

मी उत्तर दिलं नाही. ते वाट बघत राहिले. मी इतक्या वेळा उत्तर दिलं नव्हतं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी दुसऱ्याने ते माझ्यासाठी दिलं होतं. या वेळी कुंदाताईसुद्धा गप्प होती.

"गेलेत," मी म्हणाले.

"कोणामुळे?"

"तुमच्यामुळे, काका."

त्यांनी मान हलवली, आपण नव्या मुलीचं बरोबर उत्तर ऐकल्यावर हलवतो तशी. मग उठले. "मुलींनो, काल मी दाखवलं ते चुकीचं होतं. ही गप्प राहिली ते त्याहून चुकीचं." आणि मला म्हणाले, "बस इथे."

मला ती खुर्ची नको होती. सगळ्यांसमोर, अंगठ्याला मलम फासलेलं, मी त्यांच्या खुर्चीत बसले. तिची बैठक एका बाजूला खचलेली होती, त्यांच्या अंगाच्या सवयीने. ते डळमळणारं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले, प्लग लावून आयर्न तापू दिलं, नव्या ट्रान्झिस्टरचा पाय चिमटीत धरला आणि म्हणाले, "घे आयर्न."

मी टोक टेकवलं न टेकवलं तोच ते ओरडले, "बास!"

मी उचललं. सोल्डर वितळलंही नव्हतं. परत टेकवलं.

"बास!"

"काका, अजून नाही," मी हळूच म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं."

त्यांचे कान उत्तम होते. चार बेंच पलीकडे पडलेली टाचणी त्यांना ऐकू यायची. मी परत टेकवलं, ते परत ओरडले. असं कितीदा झालं कोण जाणे. जोड कच्चाच राहत होता, मुली हसू दाबत होत्या, अंगठा ठणकत होता. शेवटी मी म्हणाले, आणि ते मजल्यावर सगळ्यांना ऐकू गेलं, "अजून नाही झालं! गप्प बसा ना जरा!"

मग कुंदाताई टेबलावर हात आपटून हसायला लागली. मला वाटलं, आता जमिनीने मला पोटात घ्यावं. काकांनी पाय सोडला नाही. जोड झाला, मोहरीएवढा, आणि त्यांनी अगदी वेळेवर, अगदी हळू म्हटलं, "बास."

त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. मॅडम काकांच्या मुलासोबत त्यांना घेऊन ठाण्याला गेल्या होत्या. बरेच दिवस ते आले नाहीत. मग एका सकाळी काळा चष्मा लावून, पुन्हा इस्त्रीच्या शर्टात, दारात उभे. मी ताबडतोब खुर्चीवरून उठले आणि ती त्यांच्यासाठी मागे ओढली. त्यांनी खुर्चीकडे बघितलंही नाही. त्यांनी चष्मा काढला आणि माझा अंगठा धरला. या वेळी डोळ्याशी नेला नाही, हातभर लांब धरून पाहिला.

"गेल्या, काका, रेघा," मी म्हणाले. "अजिबात दिसत नाहीत."

"आहेत अजून," ते म्हणाले. "आता दिसतं मला."

आणि स्टुलावर बसून त्यांनी चिमूट पुढे केली.